तुटलेली तार मागे येते

आमच्या आत्यानं चौदाव्या वर्षी, भर कार्यक्रमात, व्हायोलिन गुडघ्यावर आपटून मोडलं असं लोक सांगतात. औषधाच्या दुकानातले काका हे सांगताना आवाज एकदम खाली आणतात, जणू चिठ्ठीशिवाय काहीतरी काढून देताहेत. "दोन तुकडे. माझ्या डोळ्यांदेखत. एक तर तिसऱ्या रांगेत गेला." सभागृहाच्या तिकीट खिडकीतल्या बाई नाकातून सांगतात आणि त्यांच्या गोष्टीत तुकडे तीन होतात. काकूच्या माहेरचे तर हळहळून विचारतात, "आता बरी असते ना?"

मी आत्यापुढे या सगळ्यांचे आवाज काढून दाखवले की ती पोट धरून हसते, डोळे पुसते आणि एवढंच म्हणते, "गुडघ्यावर व्हायोलिन मोडून बघ एकदा. गुडघा मोडेल."

मोडलं-बिडलं काही नाही. ते धाकट्या मापाचं व्हायोलिन होतं, पुढे कोणाला तरी देऊन टाकलं. आजही ते कुठल्यातरी पोराच्या हनुवटीखाली असेल आणि शेजारी कान झाकून बसले असतील. खरं जे घडलं ते इतकं साधं आहे की ऐकणाऱ्याचा हिरमोड होतो. आत्याची उंची वाढली.

आजोबा बुटांच्या दुकानात विक्रीला होते. संगीताचा गंध नाही. पण आत्या पाच वर्षांची असताना शेजारच्या घरात एक मुलगा दोन महिने एकच धून घोटत होता आणि चुकत होता. एका दुपारी ती तिथे गेली, त्याच्या हातून व्हायोलिन घेतलं, ते आयुष्यात पहिल्यांदाच धरलं होतं, आणि त्याची नेमकी चूक वाजवून म्हणाली, "हे असं नको." मग बरोबर वाजवून म्हणाली, "असं." तो मुलगा पुढे दातांचा डॉक्टर झाला. सगळ्यांच्याच हिताचं झालं म्हणायचं.

सातव्या वर्षी ती अख्ख्या वाद्यवृंदापुढे उभी राहिली. झालरीचा फ्रॉक, पांढरे मोजे, हातात खेळण्याएवढं व्हायोलिन. ती मंचावर आली की सभागृहातली आठशे माणसं एकदम श्वास आत घ्यायची. पहिला सूर निघायच्या आधीच. आत्या म्हणते, "तो श्वास मला पाठ होता. कुठल्या पट्टीत असायचा तेसुद्धा सांगेन."

आजोबांना तो श्वास फार आवडायचा. इतका की आत्या सलग तीन वर्षं अकरा वर्षांचीच राहिली. पोस्टरवर अकरा, शाळेच्या दाखल्यावर बारा, मग तेरा. एकदा तिनं विचारलं, "बाबा, मी किती वर्षांची?" आजोबा म्हणाले, "घरी विचारतेस की बाहेर?"

मग एका उन्हाळ्यात ती वीतभर उंच झाली. फ्रॉकची शिवण उसवून झाली, झालर खाली ओढून झाली, आजोबांनी टाचा नसलेले बूट आणून पाहिले. बुटांच्या दुकानातला माणूस, त्याला दुसरा उपाय काय सुचणार? पुढच्या कार्यक्रमात ती मंचावर आली आणि काहीच झालं नाही. श्वास नाही. पहिल्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "मोठी झाली गं."

त्या संध्याकाळी तिनं तोवरचं सगळ्यांत चांगलं वाजवलं. टाळ्या भरपूर पडल्या. पण घरी येताना तिला उमगलं की गेली सात वर्षं आपण त्या श्वासासाठी वाजवत होतो, आणि तो वाजवण्यासाठी कधी नव्हताच, फ्रॉकसाठी होता. तिनं व्हायोलिन फडक्यानं पुसलं, गज सैल केला, पेटी बंद केली आणि आजोबांना म्हणाली, "पुरे आता." आजोबा रागावले, विनवण्या करून थकले, महिनाभर अबोला धरला. ती ढिम्म.

पुढची बारा वर्षं व्हायोलिन बंद. शाळा संपवून ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात लागली. शेवटची काही वर्षं टाइपरायटरवर. या काळाबद्दल विचारलं की तिचा चेहरा अगदी सुट्टीची आठवण निघाल्यासारखा होतो. "टाइपरायटरपुढे कोणी श्वास रोखत नाही, गं. साहेब म्हणायचे, छान टाइप करता. बस. संपलं. चहा आला."

सभागृहाच्या छपरावरची टाकी गळत होती म्हणून एकदा तिला सही आणायला तिकडे पाठवलं. व्यवस्थापक जागेवर नव्हते. वाद्यवृंदाची तालीम चालली होती, ती फाइल छातीशी धरून मागे, व्हायोलिनवाल्यांच्या शेवटच्या रांगेपाठी उभी राहिली. लहानपणी हाच वाद्यवृंद तिच्या पाठीमागे असायचा, तिनं तो पाठीवर ऐकला होता, भिंतीसारखा. आता तिच्यासमोर तो अख्खाच्या अख्खा उघडला. कोण कोणाला सावरून घेतंय, बासरीवाला कुठे चोरून श्वास घेतोय, तिसऱ्या रांगेतलं कोण रागावलंय, सगळं. व्यवस्थापक आले, "सही कुठे करू?" म्हणाले, आणि तिला ऐकूच गेलं नाही.

तिनं मोठ्या मापाचं व्हायोलिन आणलं आणि रोज रात्री घोटायला लागली. तीन महिन्यांनी जागा निघाली. वाद्यवृंदात निवड पडद्याआडून होते. वाजवणारा दिसत नाही, बाई की बुवा ते टाचांवरून कळू नये म्हणून चपलासुद्धा काढायला लावतात. पडद्यापलीकडे कोणी नुसतं खोकलं असतं तरी आत्यानं ओळखलं असतं, पण तिला कोणी ओळखलं नाही. जागा मिळाली ती शेवटच्या रांगेतली, शेवटची खुर्ची. त्याला सत्तावीस वर्षं झाली. मधे सहा वेळा तिला पुढे बसायला बोलावलं. सहाही वेळा ती म्हणाली, "पुढून माणसं दिसतात. मागून ऐकू येतं."

तिथे दोघांत मिळून स्वरलिपीचा एक स्टँड असतो. आत्याच्या शेजारचे गृहस्थ चष्म्याच्या दुकानाचे मालक, इतके उंच आणि हडकुळे की सगळे त्यांना खांब म्हणतात. पान उलटायचं काम आतल्या बाजूच्या माणसाचं, म्हणजे आत्याचं. ती गज थांबवून पान उलटते तोवर खांब वाजवत राहतात, म्हणजे सूर तुटत नाही. सत्तावीस वर्षांत तिचं एक पान चुकलं नव्हतं.

शेवटच्या खुर्चीचं आणखी एक काम असतं. पुढे एकट्यानं वाजवणाऱ्याची तार तुटली तर त्याला पहिल्या खुर्चीवरचा माणूस आपलं व्हायोलिन देतो, स्वतः मागच्याचं घेतो, तो त्याच्या मागच्याचं, आणि तुटलेलं वाद्य हातोहात मागे सरकत शेवटच्या खुर्चीशी येऊन थांबतं. वाजवणं सोडून तार बदलायची ती तिथल्या माणसानं. म्हणून आत्याच्या खिशात कायम एक चपटी डबी असते, तारांची.

या वर्षी शहरभर पोस्टरं लागली: नऊ वर्षांचा चमत्कार. फोटोत दोन वेण्या आणि एक पडका दात. वाद्यवृंदातल्या लोकांनी बारसं लगेच उरकलं.

"चमत्कार आला का?"

"चमत्कार बाथरूमला गेलीय."

"चमत्काराच्या आईला चहा विचारा रे कोणीतरी."

आई कपडे शिवायची, बोटाला पट्टी, मांडीवर मुलीचा स्वेटर. लांबून दोन गाड्या बदलून आल्या होत्या. त्यांच्याकडचे गुरुजी म्हणाले होते, माझ्याजवळचं सगळं संपलं, आता हिला मोठ्या शाळेत न्या. त्या मोठ्या संगीतशाळेच्या बाई कार्यक्रमाला प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत बसणार होत्या. आवडलं तर मुलीला घेणार, राहणं-शिकणं सगळं. नाही तर परत दोन गाड्या बदलून घरी, आणि पुढे काय ते कोणालाच माहीत नाही.

आत्यानं पोरीकडे पाहिलंच नाही. "पोस्टरवर नऊ म्हणजे घरी किती देव जाणे," खांबांना म्हणाली आणि गजाला राळ लावत बसली. संचालक छडी आपटून नेहमीचं म्हणाले, "मंडळी, मंडळी! संगीत आहे हे, भांडी घासणं नव्हे," आणि तालीम सुरू झाली.

पोरगी वाजवायला लागली. चौथ्या की पाचव्या सुराला आत्यानं मान वर केली. फ्रॉक नव्हता, साधी विजार आणि स्वेटर. पोरीचे डोळे मिटलेले नव्हते, छताकडेही नव्हते. ती वाजवताना बासरीवाल्याकडे बघत होती, त्याचा सूर संपायची वाट बघून मग आपला ठेवत होती. एकटीनं वाजवायला आलेली नऊ वर्षांची पोर आणि ती सगळ्यांबरोबर वाजवत होती. आत्याला हे कळायला सव्वीस वर्षं आणि एक गळकी टाकी लागली होती.

"पान!" खांब दातांतून पुटपुटले. "बाई, पान!"

पान तिथंच. खांबांना पुढचं पाठ नव्हतं, ते थांबले, आणि शेवटची रांग चार ठोके मुकी झाली. संचालकांना पत्ता नाही. पुढे साठ माणसं वाजवत असताना कोणाला लागणार?

चहाच्या सुट्टीत खांब कुरकुरत होते. "सत्तावीस वर्षांत नाही आणि आज? डोळे तपासून घ्या. दुकानात या, फुकट बघतो." तेवढ्यात स्टँडशी दोन वेण्या येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला बरं नाहीये का?" पोरीनं विचारलं.

"का गं?"

"मघाशी इथून दोन व्हायोलिनं गेली. मग परत आली. मला वाटलं, कोणाला चक्कर आली."

खांबांच्या हातातला चहा बशीत सांडला. आत्यानं पोरीकडे बघितलं ते बघतच राहिली. शेवटी म्हणाली, "पान उलटायला विसरले."

"असू दे," पोरगी समजूतदारपणे म्हणाली. "माझंही होतं."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह गच्च. पोरगी आली आणि आठशे माणसांनी श्वास आत घेतला. आत्या म्हणते, पट्टी तीच. पण पोरीचं तिकडे लक्षच नव्हतं, ती खांद्यावरचं फडकं सारखं करत होती.

पहिला लांबलचक भाग संपत आला होता, शेवटचे सहा-सात सूर राहिले होते, आणि सर्वांत बारीक तार तुटली. टण्णकन. विंगेत आईनं तोंडावर हात ठेवला. पोरगी थांबली नाही. उरलेले सूर तिनं शेजारच्या तारेवर, हात पार वरपर्यंत सरकवून वाजवले आणि गज खाली घेतला. आता वाद्यवृंदाची पाळी होती. तिला पुन्हा सुरू करायला सव्वादोन मिनिटं.

आणि इथे पहिल्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी चाळीस वर्षांच्या सवयीनं जे करायचं ते केलं. ताडकन उठले, आपलं व्हायोलिन पोरीच्या हातात दिलं, तिचं घेतलं आणि मागे सरकवलं. मागच्यांनीही मुकाट्यानं आपापलं पुढे दिलं. रीत म्हणजे रीत! ते व्हायोलिन मोठ्या माणसाच्या मापाचं आहे आणि हात नऊ वर्षांचा आहे, हे कोणाच्या डोक्यात आलं तेव्हा चमत्काराचं वाद्य चौथ्या रांगेत पोचलं होतं. पोरीनं ते मोठं धूड हनुवटीखाली धरून पाहिलं. डावा हात टोकापर्यंत पोचेना. तिनं ते खाली घेतलं आणि मान वळवून मागे बघत राहिली. समोर प्रेक्षकांत संगीतशाळेच्या बाईंनी चष्मा काढला. संचालक एका हातानं ताल देत होते आणि डोळ्यांनी पहिल्या खुर्चीला जिवंत जाळत होते.

सातव्या रांगेत ते चिमुकलं व्हायोलिन आत्याच्या मांडीवर आलं. तिचं स्वतःचं खांबांकडे गेलं होतं. डबी उघडली. तार मोठ्या मापाची, म्हणजे लांब. खुंटीवर तीन वेढे जास्त घ्यावे लागले. बोटं अशी चालत होती की खांब सांगतात, "मी वाजवत होतो की नव्हतो, मला आठवत नाही." तार चढली, पण सुरात कशी आणणार? साठ माणसं गर्जत होती, स्वतःचा खोकला ऐकू आला नसता. आत्यानं मान वाकवली आणि व्हायोलिनच्या कडेला दात टेकवले. तार छेडली की लाकूड थरथरतं, लाकडातून दात, दातांतून कवटी. बाहेर समुद्र उसळलेला आणि तिच्या डोक्यात एकच बारीक सूर, स्वच्छ.

एवढ्यावर भागत नाही. नवी तार ताणत जाते आणि सूर खाली घसरतो. आता बरोबर लावली तर पोरीच्या हातात जाईपर्यंत बेसूर होणार. आत्यानं मनातल्या मनात मांडलं: सात हात, मंचावरच्या दिव्यांची ऊब, पोरीचा ठाम गज. आणि तार मुद्दाम केसभर वर चढवून ठेवली. म्हणजे घसरत घसरत ती नेमकी तिथे येऊन बसेल, तिथे आणि तेव्हा.

"खुंटीला हात लावू नका म्हणावं," तिनं खांबांच्या कानात सांगितलं. निरोप पुढे निघाला, पण तिसऱ्या रांगेशी पोचला तेव्हा ढोल जोरात वाजायला लागले, तिथेच तो बुडाला. वाद्य मात्र पुढे पोचलं. आणि पहिल्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी, कर्तव्यदक्ष माणूस, वाद्य द्यायच्या आधी तार छेडून कानाशी नेली. कपाळाला आठी पडली. वर लागलीय! त्यांचा हात खुंटीकडे गेला.

आत्या खुर्चीतून अर्धी उठली. ओरडता येत नव्हतं, पोचता येत नव्हतं. खांबांनी तिचं मनगट धरलं.

पोरीनं मोठं व्हायोलिन त्या गृहस्थांच्या मांडीवर आदळलं आणि आपलं त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं. अक्षरशः हिसकावून. सभागृहात कोणीतरी हसलं. दोन ठोके उरले होते. गज टेकला.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही, ते वाजवलं होतं, सांगितलं नव्हतं. एवढंच की शेवटी लोक उठून उभे राहिले, आणि शाळेच्या बाई टाळ्या न वाजवता सरळ विंगेकडे चालायला लागल्या. आत्या आपल्या खुर्चीवर बसून होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. खांबांनी तिला चष्मा पुसायचं फडकं दिलं.

घरी जाताना माझा आणि तिचा वाद झाला. मी म्हटलं, पोरगी घाबरली होती, वेळ नव्हता, म्हणून ओढलं. तुझी तार वाचली ती नशिबानं. आत्या म्हणाली, "नशीब कसलं? तिला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"त्यांनी तार छेडली ती तिनं ऐकली. वर आहे हे कळलं, आणि का वर आहे तेही कळलं. पहिल्या ओळीत बोटं केसभर खाली ठेवत होती. दुसऱ्या ओळीत नाही."

"आत्या, नऊ वर्षांची आहे ती! तुला तरी कळलं असतं नवव्या वर्षी?"

"मला? मला फ्रॉकची झालर सरळ आहे ना, एवढंच कळायचं," आत्या म्हणाली. "लाव पैज."

लावली. ती हरली तर मला तालमीला शेवटच्या खुर्चीवर बसू देणार होती. मी हरले तर अख्खा रविवार कोणाचीही नक्कल करायची नाही, एका शब्दाचीही नाही. पोरीला काही सुचवायचं नाही, नुसतं विचारायचं, असं ठरलं.

शनिवारी मायलेकी सगळ्यांचा निरोप घ्यायला सभागृहात आल्या. शाळेच्या बाईंनी मुलीला घेतलं होतं. आई ज्याला त्याला वाकून धन्यवाद देत होती, तिकीट खिडकीतल्या बाईंनासुद्धा. पोरगी पायरीवर बसून बिस्किट खात होती. मी जवळ जाऊन विचारलं, "काय गं, परवा त्यांच्या हातातून व्हायोलिन का ओढलंस?"

"ते तार खाली करणार होते," ती भरल्या तोंडानं म्हणाली.

"मग? वर लागली होती ना?"

तिनं माझ्याकडे जरा कीव करून पाहिलं. "नवी होती. आपोआप येणार होती खाली. कोणीतरी मोजून ठेवली होती." मग बिस्किटाचा चुरा झटकत म्हणाली, "कोणी ठेवली? मला त्यांच्याजवळ बसायचंय थोडा वेळ."

आत्या माझ्या मागेच उभी होती. पुढे झाली आणि पायरीवर पोरीच्या शेजारी बसली.

रविवारी मी सकाळपासून माझ्या स्वतःच्या आवाजात बोलत होते. जेवायच्या वेळेपर्यंत बाबांनी दोनदा कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.